परातीचं स्टिअरिंग

जर्मनीत मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा गाडी चालवण्यात. नापास होण्याची मला सवय नव्हती. शाळेत पहिल्या बाकावर बसून सारखा हात वर करणारी आगाऊ मुलगी मीच. पुढे ड्रेस्डेनच्या विद्यापीठात मास्टर्स झालं, तेही वेळेत. शिवाय माझ्याकडे पुण्याचं लायसन्स होतं, चांगलं सहा वर्षं वापरलेलं. ते इथे पहिले सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, असं कळल्यावर मी हसले होते. पुण्यात गाडी चालवलेल्या बाईची हे लोक आणखी काय परीक्षा घेणार!

पहिल्या परीक्षेत मी हॉर्न वाजवला. टेकडीवरून नदीकडे उतरणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि समोर आंधळं वळण. आपल्याकडे घाटात अशा वळणावर हॉर्न द्या म्हणून पाटी लावलेली असते. मी निर्मळ मनाने दिला. मागच्या सीटवरच्या परीक्षकाचं पेन थांबलं.

"तिथे कोण होतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मग हॉर्न का?"

"कोणी असलं तर म्हणून."

शेजारी बसलेल्या माझ्या फारलेररने, म्हणजे गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी, डोळे मिटून घेतले. हॉर्नसाठी कोणी कोणाला नापास करत नाही, पण त्यानंतर मी अशी गडबडले की पुढच्याच चौकात उजवीकडून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात घुसले. इथे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि पायाला कळणं यात फार अंतर असतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण माझी नोकरी त्यात अडकली होती. शहराबाहेरच्या एका कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात मी नुकतीच लागले होते. सकाळची पाळी सहाला सुरू व्हायची आणि त्या वेळेला तिथवर बसच नव्हती. एक सहकारी मला आपल्या गाडीतून न्यायचा, पण त्याची बदली जुलैअखेर म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला व्हायची होती. त्याच महिन्यात माझा प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा सहा महिन्यांचा काळ, संपणार होता. बॉसने मला गोड शब्दांत सांगितलं होतं, पाळीवर वेळेत येता येत नसेल तर पुढचं काही खरं नाही. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. म्हणजे एका लायसन्सवर माझं अख्खं बिऱ्हाड तोललेलं होतं.

नेमकं त्याच उन्हाळ्यात आई आणि आजोबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले. दोन हजार पाचची गोष्ट. वडिलांना बँकेतून एवढी मोठी रजा मिळाली नाही, म्हणून आई सासऱ्यांना घेऊन एकटीच विमानात बसली. आजोबांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. ताठ, कमी बोलणारे, दाढी रोज करणारे. फौजेत ड्रायव्हर होते, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशाच्या बाजूला, एवढीच माहिती आमच्या घरात होती आणि तेवढ्यावर आम्ही दोन पिढ्या भाव खाल्ला होता. रत्नागिरीकडच्या आमच्या वस्तीत तेव्हा सायकल कोणाकडे नव्हती, आणि आमचे आजोबा मोटार चालवायचे! शाळेत मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की बाई मला मध्येच खाली बसवायच्या.

दुसरी परीक्षा ते आल्यावर तिसऱ्या आठवड्यात झाली. हॉर्नला मी हातसुद्धा लावला नाही. सगळं छान चाललं होतं. एका ठिकाणी उजवीकडे वळायचं होतं. मी आरशात पाहिलं, रस्ता मोकळा, वळायला लागले आणि गाडी जागच्या जागी थडकन थांबली. मास्तरांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला होता. माझ्या उजव्या दारापासून हातभर अंतरावरून एक सायकलवाली ओरडत पुढे गेली. मास्तरांनी ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते. परीक्षक म्हणाला, "शुल्टरब्लिक, बाई. खांद्यावरून मागे बघायचं. आरशाला सगळं दिसत नाही." मला राग आला तो त्या सायकलवालीचा. वाटलं, एवढी मोठी गाडी वळताना दिसत नाही का हिला! तो राग मला घरापर्यंत पुरला.

आईला मी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "मामंजींना सांगू नकोस, त्यांचा जीव लागून राहील." पण दोन खोल्यांच्या घरात दबका आवाज म्हणजे जाहीर सभाच. आजोबा दारात उभे होते. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी तोवर मला धीर दिला होता, इथे सगळेच नापास होतात, त्यात काय एवढं, वगैरे. कशात चुकलीस, असं विचारणारे आजोबा पहिले.

"आरशात पाहिलं," मी म्हटलं, "पण मान वळवली नाही."

ते जाऊन पलंगावर बसले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चहा झाल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या ओढून दोन पुढे, दोन मागे अशा मांडल्या. पुढच्या डाव्या खुर्चीपुढे जाडजूड जर्मन शब्दकोशाचे दोन खंड आणि माझी चप्पल ठेवली. ते झाले क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. मग आईच्या हातातली कणकेची परात मागून घेतली.

"अहो मामंजी, कणीक भिजवायचीय मला!"

"पातेल्यात भिजव," आजोबा म्हणाले. "बस पोरी. हे स्टिअरिंग."

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि बसले. तीस वर्षांची होत आलेली इंजिनिअर मी, परात हातात धरून खुर्चीवर, आणि मागे उभे राहून आजोबा ओरडताहेत, "उजवीकडे वळ! आधी आरसा. मग मान! मान कुठाय? मेलं माणूस तिथं!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुपारी येऊन विचारलं की सगळं ठीक आहे ना. आईने त्यांना दोन लाडू देऊन परत पाठवलं.

ही विद्या कुठली, ते मग हळूहळू बाहेर आलं. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते परातीने काढलं.

युद्ध आलं तेव्हा सरकारची कसलीच तयारी नव्हती, आजोबा सांगत. फौज होती ती सरहद्दीवर टोळ्यांशी लढायला केलेली, खेचरांवर चालणारी. आता हजारोंनी मोटारी लागणार होत्या आणि मोटार चालवणारे मिळेनात. आमच्या लोकांना तोवर फौजेचं दार कितीतरी वर्षं बंद होतं. "दार उघडलं ते आमच्यावर माया आली म्हणून नाही," आजोबा म्हणाले. "माणसं कमी पडली म्हणून. पण आत गेलो, हे खरं. पायात पहिल्यांदा बूट घातला. दोन्ही डाव्या पायाचे मिळाले होते, तरी घातले."

भरती होऊन गेले तर छावणीत बंदुका नव्हत्या. लाकडाच्या होत्या, रंग लावलेल्या. मोटारी तर नव्हत्याच. पेट्रोलही नव्हतं. उस्तादाने खाटा मांडल्या, पायाशी तीन विटा ठेवल्या, आणि प्रत्येकाच्या हातात जेवणाची थाळी दिली. आयुष्यात बैलाच्या कासऱ्यापलीकडे काही हातात न धरलेली पोरं थाळ्या फिरवत तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. मग मैदानावर ताफा निघायचा. चाळीस माणसं, हातात थाळ्या, एकामागोमाग ठरलेलं अंतर ठेवून धावताहेत, वळताना मान वळवताहेत, जे दिसेल ते मोठ्याने बोलताहेत. झाड! म्हैस! साहेब! जो बोलायला विसरेल त्याने पूर्ण मैदानाला फेरी मारायची. "महिनाभर आम्हीच मोटारी होतो," ते म्हणाले आणि हसले. आजोबांना खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं.

घरी काय हाल होते ते आजी सांगायची, ती असताना. आजोबांनी तेवढ्यात तिच्या आठवणींचीही भर घातली. रॉकेल मिळायचं नाही, म्हणून उजेड असतानाच भाकऱ्या थापून जेवून घ्यायचं आणि अंधार पडला की गप्प पडून राहायचं. कापड तर दिसेनासंच झालं होतं. आजी आणि तिची जाऊ, दोघींत मिळून एकच धड लुगडं होतं. एक बाजाराला गेली की दुसरी घरात दार लावून बसायची. गावात कोणालाच कळेना की लढाई कुठे आहे, कोणाची आहे, आणि आपलं लुगडं त्यात कसं गेलं. हे ऐकताना आई पातेल्यात कणीक मळत उभी होती. तिने विचारलं, "मग सासूबाई काय करायच्या हो, घरात बसून?" आजोबा म्हणाले, "मला शिव्या द्यायची."

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी पाळीवरून आले की मी परात फिरवायची. नंतर आम्ही बाहेर पडलो. फुटपाथवरून मी पुढे, आजोबा काठी टेकत मागे, आणि मी दिसेल ते मोठ्याने म्हणत चालले आहे. सायकल. कुत्रा. ट्राम. ढकलगाडीतलं बाळ. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मान वळवायची. माझा मास्तर एकदा समोरून आला, पेपरमिंट चघळत. आजोबा काय करून घेताहेत ते मी त्याला समजावलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "गेनाऊ. अगदी हेच. माझ्या तीस वर्षांत मला हे सुचलं नाही." आणि त्याने वाकून आजोबांशी हात मिळवला. आजोबांनी त्याला जय भीम केला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. आजोबा थाळीचं सांगायचे, उस्तादाचं सांगायचे, पण खऱ्या गाडीचं एक अक्षर नाही. मी विचारलं की विषय बदलायचे. मला वाटायचं, लढाईतलं काहीतरी भयंकर पाहिलं असेल, कशाला खपली काढा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही एल्बेच्या काठी बाकावर बसलो होतो. ऊन छान होतं, गवतावर माणसं लोळत होती. मी कुरकुरत होते. म्हटलं, "आजोबा, उद्या नापास झाले तर सरळ सामान बांधायचं. एका मानेपायी! तेही ती सायकलवाली नीट बघून आली असती तर..."

"तिने का बघायचं?" आजोबा एकदम म्हणाले. आवाज इतका चढला की गवतावरचं एक जोडपं वळून बघायला लागलं. "गाडी तुझी. तूच बघायचं."

मग ते पाण्याकडे बघत बोलू लागले, आणि बोलत असताना एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गाड्या शेवटी आल्या त्या अमेरिकेतून, बोटीवरून. स्टिअरिंग डावीकडे. थाळीला उजवं-डावं नसतं, त्यामुळे तेही जमून गेलं. पण त्या गाडीला बाहेरच्या बाजूला आरसा होता. थाळीला आरसा नव्हता, म्हणून मान वळवायची सवय लागली होती. आता एवढ्याशा काचेत मागचा सगळा रस्ता दिसायला लागला. जादूच वाटली, ते म्हणाले. आसामच्या बाजूला चिखलात तळ पडला होता. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडी मागे घ्यायला सांगितली. पलीकडच्या गावचा, त्यांच्याबरोबर एकाच दिवशी भरती झालेला त्यांचा दोस्त मागे उभा राहून हात दाखवत होता. आजोबांनी आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता. दोस्त उजव्या अंगाला होता, जिथे आरसा नव्हता.

"पाय गेला त्याचा. गुडघ्यापासून."

बाजूने एक सायकल गेली. मग दुसरी गेली.

"चौकशी झाली का?" मी शेवटी विचारलं.

"कसली चौकशी? दुसऱ्या दिवशी मला दुसरी गाडी दिली. मला माफ केलं म्हणून नाही. ड्रायव्हर नव्हते म्हणून. मी साहेबाच्या पाया पडलो. म्हटलं, मला लंगरात टाका. मग लढाई संपेपर्यंत मी रोट्या भाजल्या. गाडी मी एकच दिवस चालवली, पोरी. घरी सगळे ड्रायव्हर म्हणायला लागले, आणि मला नाही म्हणवलं नाही."

"आणि ते दोस्त?"

"जगला, असं ऐकलं. सुटून आल्यावर त्याच्या गावाच्या वेशीपर्यंत गेलो होतो. तिथून परत आलो."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. शाळेत ज्याच्या जिवावर मी इतक्यांदा उभी राहून बोलले, तो ड्रायव्हर नव्हताच. रोट्या भाजणारा एक घाबरलेला पोरगा होता, विशीसुद्धा न ओलांडलेला, आणि त्याला कोणी धड शिकवलंच नव्हतं. ज्यांनी युद्ध मांडलं त्यांनी याच्या हातात थाळी दिली आणि मग एकदम तीन टनांची गाडी. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं, की चूक तुमची नाही, त्यांची आहे, तयारी त्यांची नव्हती.

"त्यांची होती," आजोबा म्हणाले. "माझीपण होती. उस्तादाने मान वळवायला शिकवलंच होतं ना?"

तेव्हा कुठे मला उमगलं की या माणसाने माझ्यासाठी काय केलं. साठ वर्षं मुलाला नाही, सुनेला नाही, आजीलासुद्धा न सांगितलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती मन हलकं करायला नव्हे. घरातला आपला एकमेव मोठेपणा त्यांनी माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला, कारण मी अजून सायकलवालीला दोष देत होते. त्यांच्या फौजेतल्या दिवसांमुळे वडील शिकले, वडील बँकेत लागले म्हणून मी शिकले आणि ड्रेस्डेनला आले, हे ऋण मला माहीत होतं, त्यावर मी भाषणं केली होती. हे त्याहून मोठं होतं, आणि याच्यावर भाषण करता येईना. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो बराच वेळ धरू दिला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागच्या वेळचाच होता. मी गाडीत बसले आणि बोलायला लागले, मराठीतून, पुटपुटत. सायकल. आजी. बस. दार उघडतंय. प्रत्येक वळणावर मान. दहा मिनिटांनी मागून प्रश्न आला की बाई काय म्हणताहेत. माझ्या मास्तराने पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "प्रार्थना." देव त्याचं भलं करो. परीक्षकाने पुन्हा विचारलं नाही.

शेवटी एक उजवं वळण आलं. आरसा मोकळा होता. मान वळवली तर एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, पिवळं हेल्मेट, माझ्या चाकाच्या अगदी शेजारी. मी थांबले. ती आपल्याच नादात पुढे गेली, तिला मी दिसलेसुद्धा नाही. मी क्लच इतका घाईने सोडला की गाडी पुन्हा सुरू करताना बंद पडली. परीक्षक म्हणाला, "सावकाश. वेळ घ्या." वीस मिनिटांनी त्याने मला माझ्या नावाचं लायसन्सचं कार्ड दिलं. मी त्याचे आभार मानले, मास्तरांचे मानले, आणि जिने चढताना कोणाकोणाचे मानत गेले ते मलाही सांगता येणार नाही. त्यात थाळ्या घेऊन धावणारी ती चाळीस पोरं होती आणि एका पायाचा, मी कधीच न पाहिलेला माणूसही होता.

दार आईने उघडलं. माझा चेहरा पाहूनच तिला कळलं. तिने मला मिठी मारली, रडली, मग वडिलांना फोन लावायला धावली.

आजोबा खोलीच्या मधोमध उभे होते. बाहेर जायचे कपडे, बूट, हातात काठी. सकाळपासून तसेच उभे होते, असं आईने नंतर सांगितलं.

"कोणाला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"नीट बघितलंस?"

"मान वळवून बघितलं. एक लहान मुलगी होती. मी थांबले. ती गेली पुढे."

"घरी गेली ना ती?"

"गेली."

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. पास झालीस का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलंच नाही.